वाई ते सांगली, व्हाया निपल

प्रवासाला निघण्यापूर्वी यादी करावी, असं मी कॉलेजात शिकले होते. त्याप्रमाणे केली होती. बी.एस्सी.ची सर्टिफिकेटं, दोन साड्या, गाडी लागली तर चोखायला लिंबू, आणि मुलाखतीत विचारतील त्या प्रश्नांची उत्तरं लिहिलेली शंभर पानी वही. अक्कल यादीत नव्हती. ती बरोबर आहेच असं धरून मी सकाळी सहा वाजता, वाईला, सासऱ्यांच्या हळदीच्या ट्रकमध्ये चढले.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं होती, मे महिना होता. माझं लग्न होऊन चार महिने झाले होते आणि त्यातले साडेतीन महिने नवरा सांगलीत, मी वाईत. तो सांगलीच्या एका कारखान्यात नोकरीला. एका खोलीत राहायचा, खाणावळीत जेवायचा आणि पत्रात खाणावळीच्या आमटीबद्दल इतकं लिहायचा, की मी ते पत्र उशाशी ठेवावं की नाही असा प्रश्न पडे. मामंजी, म्हणजे माझे सासरे, हळदीचे व्यापारी. त्यांच्या मते नव्या सुनेनं निदान वर्षभर घरात रुळावं. तेवढ्यात सांगलीच्या एका मुलींच्या शाळेची जाहिरात आली, विज्ञान शिक्षिका पाहिजे. मामंजींनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, "एकदा जाऊन ये. लागली नोकरी तर तिथंच बिऱ्हाड कर. नाही लागली, तर दिवाळीपर्यंत हा विषय घरात काढायचा नाही."

मला शिकवण्याची फार तळमळ आहे, असं मी सगळ्यांना सांगत होते. तळमळ होती. शिकवण्याची नव्हती, इतकंच.

मुलाखत दुपारी तीनला. लग्नसराईमुळे एस.टी.त पाय ठेवायला जागा नाही, आणि आमचा ट्रक त्याच दिवशी सांगलीच्या पेठेत हळद घेऊन निघालेला. म्हणून मी ट्रकमध्ये.

ट्रक म्हणजे पुढे लांब नाक असलेली जुनी गाडी, वीस वर्षांची. मी एकवीस वर्षांची. दोघींत समजूतदार कोण, ते पुढे कळेलच. चालवायला ज्ञानूतात्या. तात्या पंधरा वर्षं मिल्ट्रीत गाड्या चालवून आलेले, मिशा पांढऱ्या, अंगावर खाकी शर्ट. गाडी चालू करण्याआधी ते तिला एक फेरी घालत, प्रत्येक चाकावर टिकावाच्या दांड्यानं ठोका मारत आणि कान देऊन ऐकत. मी वरून विचारलं, "तात्या, काय ऐकताय?"

"तिची तब्येत."

मी हसले. आवाजावरून हवेचा दाब कळत नाही, त्याला दाबमापक लागतो, असं मी त्यांना समजावून सांगितलं. तात्या म्हणाले, "आसंल, सूनबाई," आणि मागचं डावं चाक उतरलंय म्हणून हवा भरून घेतली.

पाचवडला हमरस्त्याला लागलो तेव्हा ऊन नुकतं वैराटगडावर आलं होतं. कापून नेलेल्या उसाची रानं, मधेच नव्या लागणीचे हिरवे पट्टे, आणि मागून येणारा हळदीचा उग्र, कोरडा वास. माझी निळी साडी पाचवडपर्यंत हिरवट झाली होती. गाडी खड्ड्यात गेली की पायाखालून कुठूनतरी आवाज यायचा. कुईं. पुन्हा खड्डा, पुन्हा कुईं.

"कुरकुरतीया," तात्या म्हणाले. "पाट्याची पिन कोरडी पडली. उंब्रजच्या अलीकडं सावलीला थांबू, ग्रीस मारू."

पाटा म्हणजे चाकाच्या वरची ती पट्ट्यापट्ट्यांची स्प्रिंग. मी लगेच त्यांना घर्षणाचे प्रकार सांगायला घेतले. साताऱ्यापर्यंत तीन सांगून झाले. तात्या मधूनमधून "व्हय?" म्हणत. त्या "व्हय?"मध्ये केवढी करमणूक भरली होती, हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

साताऱ्याला अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी एका टपरीवर थांबलो. गरम भजी, चहा, आणि सांगलीच्या त्या गरीब खाणावळग्रस्तासाठी पावशेर कंदी पेढे. तात्या पैसे द्यायला गेले आणि मी ट्रकमध्ये चढायला. हीच ती घटना, बरं का. हिच्यावरच पुढचं सगळं उभं आहे.

त्या ट्रकची पायरी उंच होती. तात्या हात देऊन वर घेत, पण मी पदवीधर. मला हात कशाला? पायरीच्या जरा खाली, पाट्याच्या टोकाला, बोटाच्या पेराएवढं काहीतरी बाहेर आलेलं दिसलं. वा, म्हटलं, जास्तीची पायरी! मी त्यावर टाच ठेवली आणि अंगाचा सगळा भार दिला. टक्, असं काहीतरी झालं. खाली पाहिलं तर धुळीत एक चकचकीत तुकडा पडला होता, वाटाण्याएवढा. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि चपलेच्या टोकानं तो तुकडा हळूच मातीखाली सारला.

एवढं करून मी वर बसले आणि वही उघडून वाचायला लागले. उलटी धरली होती.

उंब्रज कोसभर राहिलं असताना तात्यांनी गाडी एका वडाखाली घेतली, ग्रीसगन काढली आणि पाट्यापाशी उकिडवे बसले. मग ते उठले.

"सूनबाई, निपल तुटलं की वो."

"मग?"

"मग काय, ग्रीस जायाचं कुठनं? कुनी तोडलं आसंल बरं?" आणि तात्यांनी वर, वडाच्या पारंब्यांकडे पाहिलं.

इथे एखादीनं खरं सांगून टाकलं असतं. मी म्हणाले, "तात्या, धातूला थकवा येतो. वर्षानुवर्षं कंप सोसून त्याच्या आतली रचना कमजोर होते आणि एक दिवस तो आपोआप तुटतो. शास्त्रात सिद्ध झालंय."

"व्हय? धातूबी थकतोय?"

"हो, तर!"

"बिचारा," तात्या म्हणाले.

तसंच हळूहळू सांगलीपर्यंत जाऊ, थोडा आवाज येईल तर येऊ दे, असं मी सुचवलं. तात्यांनी मान हलवली. "कोरडी चालली तर पिन खाती. पेठ गावाच्या म्होरं रस्ता लय खराब. तिथं पिन तुटली, तर पाटा निसटंल आन् हळदीसकट आपन उसात. मी मिल्ट्रीत कवा जखमी गाडी हानली न्हाई. तुमी आसं करा, उंब्रजला जावा आन् निपल घेऊन या. भरल्या गाडीला सोडून मला हालता येत न्हाई. भोक बघून घ्या, बुजल्यालं नको."

नऊ वाजले होते. मी दोन एस.टीं.ना हात केला. दोन्हींच्या दारात माणसं लोंबकळत होती. एकीतल्या नवरदेवानं मात्र मला हात केला. तेवढ्यात एक बैलगाडी आली आणि मी तीत बसून उंब्रजला निघाले.

आता माझ्या तेव्हाच्या बुद्धीचं दर्शन घ्या. निपल हा शब्द मला एकाच अर्थानं माहीत होता, तान्ह्या बाळाच्या दुधाच्या बाटलीला बसवतात ते रबरी. ट्रकला ते कशाला, असा प्रश्न कुणाही अडाण्याला पडला असता. मला पडला नाही, कारण मला उत्तर आधीच सापडलं होतं. ग्रीस जायची वाट बंद झालीय. तेव्हा तात्या रबरी निपल त्या भोकाला बसवणार, मागून ग्रीस दाबणार. रबर लवचीक, म्हणजे गळती नाही. ग्रामीण माणसाची काय ही उपजत बुद्धी! मुलाखतीत याचं उदाहरण द्यायचं, असंही मी बैलगाडीत ठरवून टाकलं.

उंब्रज हमरस्त्यावरचं मोठं गाव. बाजारपेठेत बी-बियाण्यांची दुकानं, कापडवाले, सायकलवाले. मी सरळ औषधांच्या दुकानात गेले. दुकानदार पन्नाशीचे, सौम्य.

"निपल हवंय."

"किती म्हैन्याचं हाय?"

मला वाटलं, गाडीची चौकशी करतायत. "महिने कसले, वीस वर्षांचं आहे!"

दुकानदारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "वीस वर्सांचं. आन् अजून बाटलीवरच?"

"काय करणार, जुनं झालंय. मधेच कुरकुर करतं."

"आरारा! आन् पाजताय काय? पातळ आसतंय का घट्ट?"

"घट्ट. अगदी लोण्यासारखं. म्हणून भोक मोठं हवं."

त्यांनी एक शब्द न बोलता दाभण तापवला, भोक मोठं करून दिलं, एक जादा निपल कागदात बांधलं आणि मी पैसे देऊ लागले तर जादाचे घेतले नाहीत. "ऱ्हाऊ द्या, ताई," म्हणाले. "देव तुमाला बळ देवो."

किती भली माणसं, असं मनात म्हणत मी एका भाजीवाल्याच्या सायकलमागे बसून परत आले. तात्यांनी तोवर तुटून आत राहिलेला भाग काढला होता. चौकोनी कानशीचं टोक त्यात ठोकून उलटं फिरवलं की तो बाहेर येतो, हे त्यांनी मला नंतर दाखवलं. त्या वेळी मात्र त्यांनी हात पुढे केला आणि मी त्यावर मोठ्या ऐटीत दोन रबरी निपलं ठेवली.

तात्या पाहत राहिले. त्यांनी एक निपल दाबलं. ते पिचिक् असं बोललं.

"सूनबाई," ते अखेर म्हणाले, "आपल्या गाडीला दात आल्यात आता."

आणि मग ते हसले. वडाच्या बुंध्याला टेकून, डोळ्यांतलं पाणी खाकी बाहीनं पुसत हसले. मीही हसले असते, पण मला रडू येत होतं. दहा वाजून गेले होते. तीन वाजता सांगली, नाहीतर दिवाळीपर्यंत वाई. डोळ्यांसमोर नवरा खाणावळीची आमटी भुरकताना दिसायला लागला.

माझं तोंड बघून तात्या थांबले. माझ्या तळहातावर त्यांनी तुटलेला तुकडा ठेवला. काळा, पोकळ, बाहेरून स्क्रूसारखे आटे. "हे निपल. ह्येच्या वरचं टोक गेलंय. ह्ये मुठीत धरा आन् ज्याचं आटे ह्येच्याशी जुळत्याल, तेच आना. आन् सूनबाई, दुकानदार बोलंल तवा त्येला बोलू द्या. तुमी ऐका."

दुसऱ्यांदा उंब्रज. या वेळी गॅरेज. मिस्त्री एका जीपखाली होता. खालूनच त्यानं हात काढला, तुकडा आत नेला आणि बाहेर दिला. "जुनं आटं हाईत. आता ह्ये येत न्हाई. सांगलीत गावंल, न्हाईतर भंगारात."

"पण सांगलीला जायलाच तर—" मी सुरू केलं, आणि तात्यांचं आठवून गप्प बसले.

मिस्त्री थोडा वेळ थांबला. बहुतेक मी आणखी काही बोलेन असं त्याला वाटलं असावं. मी बोलले नाही, तसं तो जीपखालून म्हणाला, "जुन्या मशिनींस्नी असत्यात असली. मळणीयंत्र, चरक, असलं कायतरी बघा."

त्या दिवशी गप्प बसल्याचा मला झालेला तो पहिला फायदा.

रस्त्याकडेला एक रसवंती होती. मांडवावर नारळाच्या झावळ्या, आत लहानशा इंजिनावर चालणारा चरक (उसाचा रस काढायचं यंत्र), त्याला बांधलेले घुंगरू छनछन वाजत होते. चालवणारी बाई माझ्या आईच्या वयाची. सगळे तिला आक्का म्हणत. माणदेशातली, आधी मेंढरं राखणारी. दुष्काळात माणसं पाण्याकडे आली तसं तिचं कुटुंब रस्त्याकडे आलं होतं. मी रस मागितला. तिनं ग्लास दिला आणि माझ्या डोळ्यांकडे पाहून त्यात लिंबू जास्त पिळलं.

रस पिताना मी चरकाकडे पाहत होते. आजवर मी शंभर चरक पाहिले असतील, पण त्या दिवशी पहिल्यांदा त्यात काय आहे ते पाहिलं. रुळाच्या टोकाला, काळ्या ग्रीसमध्ये, वाटाण्याएवढं चकचकीत टोक. साताऱ्याच्या धुळीत मी पुरलं होतं, अगदी तसंच.

"आक्का, ते काय आहे?"

"निपल की! का गं?"

मी मूठ उघडली. कसं सांगावं ते सुचेना, म्हणून थोडक्यात सांगितलं. गाडी वडाखाली, तीन वाजता मुलाखत, नवरा सांगलीत.

"नवरा सांगलीत?" आक्कानं इंजिन बंद केलं. घुंगरू थांबले. "कवापास्नं?"

"साडेतीन महिने."

"आगं बया." तिनं पाना घेतला आणि चरकाचं निपल फिरवून काढलं. फडक्यानं पुसलं. मग माझा तुकडा त्याच्या शेजारी आडवा धरला, आटे आट्यांत बसवले आणि दोन्ही उन्हाकडे धरले. "बघ. मधनं उजेड दिसतोय का?"

नव्हता दिसत. आटे आट्यांत चपखल बसले होते. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत तीन वर्षं काढूनही इतकी सुंदर मोजणी मी पाहिली नव्हती.

"घेऊन जा. माजा चरक दोन दिस तेलावर चालंल. पन परत येताना दे गं, न्हाईतर माजं घुंगरू रडत्याल."

मी पैसे काढले. आक्का चिडली. "निपलाचं पैसं घीन, नवऱ्याकडं जायाचं न्हाई घेत."

तात्यांनी ते निपल आधी ग्रीसगनला लावलं, हलकासा दाब दिला आणि तोंडाशी आलेला थेंब मला दाखवला. "आत बारकी गोळी आसती, मागं स्प्रिंग. गननं दाबलं की गोळी मागं सरती, ग्रीस आत जातंय. दाब काढला की गोळी परत तोंडावर. ना ग्रीस भाईर, ना धूळ आत." त्यांनी काडीपेटीतली काडी घेऊन गोळी आत ढकलून दाखवली. "आता तुमी मारा."

"मी?"

"मग? शाळंत पोरींस्नी काय वहीतनं शिकवनार?"

मी पदर खोचला आणि गनचा दांडा दाबला. पहिले दहा दाब काहीच झालं नाही. मग पिनेच्या कडेनं जुनं, काळं, खरखरीत ग्रीस बाहेर येऊ लागलं. आणि त्यामागून, हळूच, नवं, पिवळसर, मऊ. मला इतका आनंद झाला की मी आणखी दाबलं, आणि ते माझ्या साडीवर आलं.

"बास! पोट भरलं तिचं!" तात्या ओरडले.

बारा वाजता निघालो. खड्डा आला. आवाज नाही. दुसरा आला. आवाज नाही. मी आणि तात्या एकमेकांकडे पाहून लहान पोरांसारखे हसलो. कराडला पुलावरून खाली कोयनेचं उन्हाळ्यातलं लहानसं, निळं पात्र दिसलं. कृष्णा तिला पुढं समोरून येऊन भेटते, असं तात्यांनी सांगितलं. "दोगी एकमेकींच्या अंगावर धावून येत्यात. जावाजावांसारख्या." पेठला हमरस्ता सोडला. इस्लामपूरच्या पुढे तात्यांनी भाकरी आणि ठेचा काढला. माझे हात मनगटापर्यंत काळे होते. रॉकेलनं धुतले तरी नखांत काळी रेघ राहिलीच. मी तसंच खाल्लं. ठेच्याला रॉकेलचा वास येत होता. इतकी चवदार भाकरी मी पुन्हा खाल्ली नाही.

आष्टा गेलं, आयर्विन पूल आला, सांगली आली. तीनला सात मिनिटं कमी असताना तात्यांनी तो लांब नाकाचा, हळदीनं पिवळा झालेला ट्रक मुलींच्या शाळेच्या फाटकात नेऊन उभा केला. मी आत पळाले. वही ट्रकमध्येच राहिली.

मुलाखत घ्यायला तिघं होते. मुख्याध्यापिका, नऊवारी नेसलेल्या, उंच, करड्या आवाजाच्या; संस्थेचे एक वयस्कर गृहस्थ; आणि एक जण फक्त लिहून घेणारे. सर्टिफिकेटं मागितली. मी पर्स उघडून ती ओढली, आणि त्यांच्याबरोबर, वडाखाली घाईत पर्समध्ये कोंबलेली, ती दोन्ही रबरी निपलं बाहेर आली. एक टेबलावर पडलं. दुसरं उडी मारून त्या गृहस्थांच्या मांडीत गेलं. ते पिचिक् असं बोललं.

"घरी तान्हं मूल आहे?" मुख्याध्यापिकांनी विचारलं. "आम्हाला वर्षभर सलग येणारी शिक्षिका हवी आहे."

"नाही, बाई. ट्रक आहे."

आता मागे फिरायला वाटच नव्हती. मी फळ्याकडे गेले, खडू घेतला आणि काढलं. आटे, पोकळी, स्प्रिंग, गोळी. ग्रीस आत कसं जातं, बाहेर का येत नाही, धूळ आत का जात नाही. दोन आटे उजेडात धरून कसे पारखतात. वहीतलं एकही उत्तर त्यात नव्हतं. लिहून घेणारे लिहायचे थांबले होते. सांगता सांगता औषधांच्या दुकानापाशी आले तेव्हा ते गृहस्थ टेबलावर डोकं ठेवून हसत होते. मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "समजलं. पण मुळात तुटलं कसं?"

"धातूला थकवा—" मी म्हणाले आणि फळ्यावरच्या त्या गोळीकडे पाहिलं. ती तोंड बंद करून बसली होती. मग मी म्हणाले, "मी पाय दिला, बाई. साताऱ्याला. आणि तुकडा मातीत लपवला."

"ड्रायव्हरना सांगितलंत?"

"नाही."

"ते आहेत बाहेर?"

"हो."

"मग जा, आधी त्यांना सांगून या. तोवर मी पत्र लिहिते." त्यांनी टाक उचलला. "नापास झालेल्याला शिकवता येतं. लपवणाऱ्याला शिकवता येत नाही."

मी बाहेर आले. हळद पेठेत न्यायची सोडून तात्या फाटकात बिडी ओढत उभे होते. मी समोर उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. साताऱ्याची पायरी, टक्, तुकडा, माती, सगळं.

तात्यांनी बिडी विझवली. "ठाव हाय मला."

"ठाऊक आहे? केव्हापासून?"

"वडाखाली निपल बघितलं, तवापास्नं. तुमच्या डाव्या चपलेच्या टाचंला ग्रीस हुतं."

मी पाय उचलून पाहिलं. अजून होतं.

"मग बोलला का नाहीत तात्या? दिवसभर!"

"धातूला थकवा आल्याला," तात्या म्हणाले. "म्हटलं, इसावा घिऊ द्यावा त्येला."

मी त्यांना वाकून नमस्कार केला. ते गडबडीनं मागे सरले. "राहू द्या, राहू द्या. नोकरी लागली का तेवडं सांगा."

संध्याकाळी तात्यांनी मला त्या खोलीपाशी सोडलं. नवरा दारात उभा. बायको ट्रकमधून उतरतेय, साडी पिवळी-काळी, नखं काळी, हातात चेपलेले पेढे आणि मुठीत नेमणुकीचं पत्र. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "जेवलीस?" त्या दिवशी त्यानं खाणावळीत सांगून ठेवलं, की एक ताट वाढवा. मी ती आमटी खाल्ली. खरंच वाईट होती. आम्ही जूनमध्ये बिऱ्हाड केलं ते त्या आमटीच्या भीतीनंच, असं मी आजही लोकांना सांगते.

दुसऱ्या दिवशी हळद उतरवून, सांगलीत जुन्या आट्यांची दोन निपलं शोधून आम्ही परत निघालो. उंब्रजला आक्काला तिचं निपल परत केलं, वर सांगलीचं भडंग (मसालेदार चुरमुरे) आणि एक नवं निपल. तिनं ते लगेच चरकाला बसवलं. घुंगरू वाजायला लागले. "भेटला का गं?" तिनं मला विचारलं. मी लाजले. "भेटला म्हनायचा," ती बाकीच्या गिऱ्हाइकांना म्हणाली.

रस्त्यापलीकडे ते औषधांचे दुकानदार उभे होते. त्यांनी हात जोडून विचारलं, "ताई, बाळ कसं हाय?"

मी ट्रकचं नाक थोपटलं. "मजेत आहे! आता अजिबात कुरकुरत नाही!" ते ट्रककडे पाहत राहिले. त्यांना कळलं की नाही, देव जाणे. त्यांनी दिलेल्या रबरी निपलांपैकी एक मात्र दोन वर्षांनी माझ्या थोरलीच्या कामी आलं. भोक जरा मोठंच होतं. म्हणून ती अजूनही घाईघाईनं खाते.

वाईला पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. दारात मामंजी, सासूबाई, शेजारीपाजारी. मी दार उघडलं आणि तात्यांनी हात पुढे केला. या वेळी मी तो धरला. आधी खाली वाकून पायरी पाहिली, मग पाय ठेवला.

"शिकली म्हनायची आमची सूनबाई," तात्या मामंजींना म्हणाले.

नातवंडं मला विचारतात, आजी, त्या प्रवासात तू काय शिकलीस? त्यांच्या आईबापांसमोर मी सांगते, पाय ठेवण्यापूर्वी बघावं, चूक झाली तर लगेच कबूल करावी, आणि समोरचा बोलत असेल तेव्हा तोंडावरची गोळी बंद ठेवावी. सगळं खरंच आहे. पण आईबाप उठून आत गेले, की पोरांना जवळ बोलावून मी आणखी एक गोष्ट सांगते.

टाच पुसून घ्यावी रे, बाळांनो. आधी टाच.